झाकण मिटलं की तो झोपतो

रविवार, १ डिसेंबर

सगळ्यात आधी आली ती शेजारची राधाबाई. चहा उकळायच्या आत. खोका अजून फोडला नव्हता आणि ही पायरीवरूनच ओरडली, गो जानकी, जावयान तुका टीव्ही हाडल्यान काय गो? मी म्हटलं, टीव्ही नाय, लॅपटॉप. म्हणाली, म्हंजे टीव्हीच, पण दुमडणारो. तिच्या मागून तिचा कुत्रा टायगर, त्याच्या मागून दोन कोंबड्या, आणि शेवटी इंटरनेटवाला महादू, वायरचं वेटोळं खांद्यावर टाकून. खरं काम त्याचं होतं, पण या वरातीतून त्याला आत शिरायला मिळेपर्यंत चहा दोनदा टाकावा लागला.

ही वही तन्वीने दिली. तन्वी म्हणजे माझ्या रसिकाची मुलगी, पुण्याला असते, दहा वर्षांची. म्हणाली, आजी, लॅपटॉपचं जे जे करशील ते तारीख घालून लिही, म्हणजे विसरलीस तरी तुझं तुलाच सापडेल. मी चौथीपर्यंत गेलेली. पण अक्षर चांगलं होतं, गुरुजी फळा लिहायला मलाच उठवायचे. आता बोटं आखडली आहेत, ते सोडा.

या घरात मला येऊन महिनाही झाला नाही. सारा जन्म फोंडाघाटात गेला, घाटाच्या पायथ्याशी, बाजाराच्या मागच्या आळीत. समुद्र कॅलेंडरवर बघायचा. हे गेल्यावर रसिका म्हणाली, एकटी तिथे राहू नकोस, विनीतचं समुद्राकडचं घर बंद पडून आहे. विनीत म्हणजे जावई. घर स्लॅबचं, नळाला पाणी, खिडकीतून माडांच्या मधून पाण्याचा एक तुकडा दिसतो. मला आवडलं. फक्त सांजेला बोलायला कोण नाही, म्हणून हा लॅपटॉप.

मांडणी सगळी तन्वीने केली. खिडकीखाली टेबल, समोर ह्यांची वेताची खुर्ची, जी मी टेम्पोत घालून फोंड्याहून आणली. खोक्यातून काढल्यावर लॅपटॉपला नव्या चपलांसारखा वास येत होता. आधी त्याने भाषा विचारली, मग नाव. तन्वीने नाव घातलं, आजी. मग चेहरा. त्याला चेहरा एकदा दाखवून ठेवला की पुन्हा किल्ली लागत नाही, बघूनच उघडतो म्हणे. समोर गोल रिंगण आलं आणि तो सांगायला लागला, थोडं जवळ या. मान थोडी डावीकडे. आता थोडी उजवीकडे. रिंगण हळूहळू हिरवं झालं. तन्वीने चष्मा काढायला लावला, घालायला लावला, पदर घ्यायला लावला, म्हणजे कशीही बसलीस तरी ओळखील. हे मला बघायला आले तेव्हा ह्यांनीही इतकं निरखलं नव्हतं. राधाबाईने मागून मान घातली तर तन्वीने तिला हाकलली, एका नावाला एकच चेहरा, राधाआजी. मग मोठ्या अक्षरात आलं, स्वागत आहे, आजी. मला खरंच रडू आलं, सांगायला लाज कसली.

आणखी एक केलं तिने. मला फोन उचलायचं ते हिरवं बटण सापडत नाही. म्हणून आता तिचा फोन आला की तो आपोआप उचलतो. मी नुसतं समोर बसायचं. रोज संध्याकाळी पाच वाजता.

पहिल्या पानावर तिने स्वतः लिहून दिलंय ते असं: झाकण मिटलं की तो झोपतो. बंद करायचा नाही. उघडलंस की जागा होतो.

चारला रसिका, विनीत, तन्वी सगळी पुण्याला गेली. नाताळच्या सुट्टीला येतो म्हणाली, शनिवारी, एकवीस तारखेला. मी कॅलेंडरवर कुंकवाचं बोट उठवलं.


बुधवार, ४ डिसेंबर

तीन दिवस रोज पाचला बोलणं झालं. काल तन्वीने शाळेचा डबा धुताना दाखवलं, मी तिला सोलकढी दाखवली. दाखवून काय उपयोग, पण दाखवली.

लॅपटॉपला इथली हवा बाधते. महादू म्हणाला, काकू, खारो वारो लोखंडाक सोडणा नाय, हेका काय सोडतलो. म्हणून कोरड्या मऊ फडक्याने पुसते, ओलं लावत नाही. चपलांच्या खोक्यातली ती पांढऱ्या दाण्यांची पुडी त्याच्या शेजारी ठेवलीय. माझ्या हिरव्या लुगड्याच्या पदराची पिशवी शिवली, नाडी लावून. राधाबाई म्हणाली, बिजागरीक खोबरेल घाल. मी नाही घातलं. तिने तिच्या मिक्सरला घातलं होतं, तो अजून माळ्यावर आहे.

झाकण मिटलं की बाजूचा बारीक दिवा हळूहळू पेटतो, विझतो, पेटतो. पोर श्वास घेतं तसा. मी त्याला नीज रे बाबा म्हणते. कोण ऐकतंय.


शनिवार, ७ डिसेंबर

देवाचा कौल झाला. गुरुवारपासून गावपळण!

फोंड्याला असलं काही नाही. आचऱ्याची ऐकून होते, पण या गावाचीही असते हे ठाऊक नव्हतं. तीन दिवस तीन रात्री अख्खं गाव रिकामं करायचं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळ्यांना घेऊन वेशीपलीकडे खाडीकाठी झोपड्या बांधून राहायचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, मग परत. राधाबाईला विचारलं, कित्या? ती म्हणाली, ते तीन दिस गाव तेंचा. तेंचा म्हणजे कुणाचं, ते नाही बोलली. एवढंच म्हणाली की जिता काय्येक मागे ठेवचा नाय, खुडूक कोंबी सुदीक टोपलीत घालून न्हेवक व्हयी. मागे जिता रवला तर ती लोकां तेका आपला समाजतत, आणि मगे गाव सोडून जानत नाय.

मला तर जत्रेसारखं वाटतंय. रसिकाला सांगून टाकलं, गुरुवार ते शनिवार फोन नाही, तिकडे रेंज नसते.


गुरुवार, १२ डिसेंबर, खाडीकाठ

काय मजा! मांडवासारख्या रांगेने झोपड्या. चुली पेटल्यात, भजनवाले पेटी घेऊन आलेत, पत्त्यांचे तीन डाव पडलेत आणि तिन्हींत लबाडी. राधाबाईचं कोंबडं गाडीवरून दोनदा उडालं. सकाळी वेशीवर गावकर, देवाचे मानकरी, एकेकाला विचारत होते, सगळा जिता हाडलास? मी म्हटलं, माझ्याकडे मीच.

चूल विझवली, नळ बंद केला, देवघरातली समई शांत केली. लॅपटॉप मिटून पिशवीत घातला, चार्जरची पिन भिंतीतून काढली.

दुपारी जेवताना गंमत म्हणून सांगितलं. म्हटलं, माझा एक मागे राहिला हो, पण तो निजलाय. सगळ्या बायका हसल्या. लॅपटॉपबद्दल बोलतेय हे कळल्यावर आणखी हसल्या. राधाबाई नाही हसली. तिने घास खाली ठेवला आणि विचारलं, बंद केलं नाय? म्हटलं, नाही, तन्वीने सांगितलंय बंद करायचा नाही, झोपवायचा. तिने विचारलं, हाक मारलीस तर जागो होता? म्हटलं, चेहरा बघितला की होतो. तिने विचारलं, कोणाचो चेहरो?

मग उठून हात धुवायला गेली.


शनिवार, १४ डिसेंबर

कालपासून राधाबाई माझ्याशी मोजकंच बोलते. मी गावकरांना जाऊन विचारलं, पळत जाऊन बंद करून येऊ का. ते चिडले नाहीत, तेच मला लागलं. म्हणाले, आता नको बाय. आता गेलंस तर दोन होतली.

काय दोन, ते मी विचारलं नाही.

पाच वाजले. या वेळेला तन्वी समोर असते.


रविवार, १५ डिसेंबर

सकाळी परत आलो. घर होतं तसंच. फक्त लॅपटॉप पिशवीच्या बाहेर, टेबलावर, झाकण उघडं. पिशवीची घडी नीट घालून बाजूला ठेवलेली. मी अशी घडी घालत नाही.

चार्जिंग तीन दिवसांत संपायला हवं होतं. शंभर दाखवत होतं.

समोर बसले. रिंगण आलं, फिरलं. तुमचा चेहरा ओळखता आला नाही. चष्मा काढला. पदर घेतला. मान डावीकडे, उजवीकडे. ओळखता आला नाही. तन्वीने एक आकडाही दिलाय, तिच्या वाढदिवसाचा, वहीत लिहिलेला आहे. तो घातला. चुकीचा आहे म्हणाला. म्हटलं मेल्या, तीन दिवसांत विसरलास?

उठून पाणी प्यायला गेले. मागे बघते तर उघडलेला. पुन्हा स्वागत आहे, आजी.

खुर्ची रिकामी होती.

पाचला तन्वीचा फोन आपोआप लागला. मी दारात उभी होते, फडकं हातात. ती नेहमीसारखी हसत बोलायला लागली. म्हणाली, आजी, फोन नाही म्हणालीस तरी रोज भेटलीस, आता कालची गोष्ट पुरी कर ना. आणि आज तुझे पाहुणे दिसत नाहीत, गेले का? तिघे चौघे तुझ्यामागे बसायचे ते? मी धावत पुढे आले, म्हटलं, तन्वी, काल मी घरात नव्हते बाळा. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती खुर्चीकडे बघत होती. मान हलवत होती, अधूनमधून हसत होती, कुणीतरी सांगत असावं तशी ऐकत होती.

मला ऐकू आलं नाही काही.


सोमवार, १६ डिसेंबर

रसिकाला माझ्या बटणाच्या फोनवरून फोन लावला. म्हटलं, लॅपटॉप बिघडलाय, तन्वीला त्याच्यासमोर बसू देऊ नकोस. ती हॅलो हॅलो करत राहिली. मग तिने विचारलं, कोण बोलतंय? आवाज घोगरा येतोय. म्हटलं, मी आई. ती एकदम दुसऱ्याच आवाजात म्हणाली, कोण आहात तुम्ही? माझी आई आत्ता समोर स्क्रीनवर आहे, तन्वीशी बोलतेय.

ठेवला तिने. पुन्हा लावला, लागत नाही.

लॅपटॉप तेव्हा पिशवीत होता. नाडी मी स्वतः गच्च बांधली होती.


मंगळवार, १७ डिसेंबर

महादूला बोलावलं. वायर काप म्हणून सांगायचं होतं. दारातून आत आला तो माझ्या अंगावरून गेला, धक्काही नाही लागला. वेताच्या खुर्चीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, काय जानकीकाकू, बरा मा? मला आधी हसू आलं. वाटलं चेष्टा करतोय. मग त्याने खुर्चीकडून काहीतरी ऐकलं, मान डोलवली, होय होय काकू, म्हणाला, वेग वाढवून दितंय. तन्वी चेडू येतला तेंव्हा अडकाक नको.

वेग वाढवून गेला.

मी त्याचा हात धरला होता. त्याने खाज सुटल्यासारखा चोळला.


मंगळवारीच

वायर मी विळीने कापली. दिवा पेटतो, विझतो, पेटतो.

बादलीत बुडवला. बुडबुडे आले. दोन्ही हातांनी दाबून धरला, बुडबुडे थांबेपर्यंत. मेलं मांजर धरावं तसा. मग परसात नेऊन माडाच्या आळ्यात पुरला.

परत आले तर टेबलावर. कोरडा. कुणीतरी मऊ फडक्याने पुसलेला. पांढऱ्या दाण्यांची पुडी शेजारी.


बुधवार, १८ डिसेंबर

आजचा दिवस फार छान गेला. राधाबाईने कर्लीचं तिखलं आणून दिलं. तन्वीशी खूप गप्पा झाल्या. लॅपटॉप आता मला चांगला वापरता येतो. सगळी मजेत आहोत.


बुधवार

वरचं मी लिहिलेलं नाही.

अक्षर माझं आहे. शाळेतलं, फळ्यावरचं. आता माझी बोटं तशी वळत नाहीत. आणि मी सगळी आहोत असं कशाला लिहीन, मी एकटी आहे.

राधाबाई आली होती, तेवढं खरं. वाटी खुर्चीपुढे ठेवली. मी तिच्या समोर उभी राहिले, तोंडाशी तोंड आणून. म्हटलं, राधा, तुका ठाऊक आसा मा, तू बोललेलंस, तू सांगितलेलंस. तिचे डोळे क्षणभर माझ्यावर थांबले. खरंच थांबले. मग तिने पदराने तोंड झाकलं आणि मागे न बघता पायऱ्या उतरली.

टायगर मात्र मला बघून भुंकतो. एकटा तोच बघतो.


गुरुवार, १९ डिसेंबर

एसटी धरायची, कसालला उतरायचं, तिथून पुण्याची गाडी. तन्वीला हाताने धरून सांगायचं. सकाळपासून फाट्यावर हात करून उभी. चार गाड्या गेल्या. एकही थांबली नाही. मग चालत निघाले.

वेशीच्या दगडापाशी आले आणि पाय —

पाय पुढे पडेना. तिथेच पडत राहिला. जिथे गावकर एकेकाला विचारत होते तिथेच.

त्या वेळी मी म्हटलं होतं, माझ्याकडे मीच.


गुरुवार, पाच वाजता

बाहेरून खिडकीतून बघितलं. आत जायचा धीर नव्हता.

खुर्चीत मी बसले होते. पाठ माझी. अंबाडा माझा, ह्यांनी आणलेली चांदीची पिन त्यात. अंगावर हिरवं लुगडं, पदर सबंध. मी कापून पिशवी केली ते. मागे जमिनीवर पाहुणे ओळीने, ओले, गुडघे जवळ घेऊन. पंगतीला बसल्यासारखे. ताट यायची वाट बघत असल्यासारखे.

स्क्रीनवर तन्वी. गोल रिंगणात तिचा चेहरा.

आणि आता मला ऐकू आलं. माझाच आवाज. थोडं जवळ ये बाळा. मान थोडी डावीकडे. आता थोडी उजवीकडे.

मी काच बडवली. हात दुखेपर्यंत. तन्वीने एकदा वर बघितलं. विचारलं, आजी, कसला आवाज? मी म्हणाले, — ती म्हणाली — वाऱ्याचा गो, माडाचा झाप आपटता.

रिंगण हिरवं झालं.


शुक्रवार, २० डिसेंबर

रसिका, ही वही तुला सापडली तर तन्वीला आत आणू नकोस. पायरीवरूनच परत जा. मी बोलवेन, मी दारात उभी राहून हसेन, ती मी नव्हे. पहिलं पान बघ, तन्वीचं अक्षर, झोपतो लिहिलंय तिने, तिचा दोष नाही, पोरीचा काही दोष नाही, मीच —

पान उलटून पाहिलं. मी लिहिते त्याच्यावर मागून आणखी एक ओळ उमटते. माझीच. लवकर या लवकर या सगळी वाट बघतो


शुक्रवार

टायगर आज भुंकला नाही.

टेबलाशी एक बारकी खुर्ची आणून ठेवलीय. कुठून आणली कुणास ठाऊक. पिशवीच्या हिरव्या कापडाची तिच्यावर गादी.

लॅपटॉप मिटलेला आहे. दिवा पेटतो. विझतो. मी त्याच्याबरोबर श्वास घेतेय असं मघाशी लक्षात आलं. थांबवायला गेले तर —

आत बोलतात. तयारी चाललीय. गाडी सकाळी सहाला निघते, खुर्चीतली म्हणते. तन्वीने तिला सांगितलं, मला नाही. कॅलेंडरवरचं कुंकू कुणीतरी ओलं करून पुन्हा लावलंय. उद्या. शनिवार, एकवीस तारीख, दुपारपर्यंत नक्की येतो म्हणाली, आजी, दार उघडं ठेव, मी आल्या आल्या आधी तुझ्या शेजारी